शेवटच्या बदलाची तारीख

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, आजोबांचे पुराआधीचे फोटो आहेत ना तुझ्याकडे? पाठव ना. आणि तारखेप्रमाणे लावून पाठव हं!"

म्हटलं, पाठवतो. फोन ठेवला आणि एकट्यानेच हसलो. "तारखेप्रमाणे लाव" हे म्हणायला किती सोपं! याच दोन शब्दांपायी २०१२ साली आमच्या घरात महिनाभर काथ्याकूट झाला होता. त्यातून एक तेवीस वर्षांची अढीही सुटली. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. काकांना विचारलं, ते म्हणाले, "लिही की, लपवायचंय काय त्यात?" म्हणून आज लिहितोय. नातेवाईक मंडळींना अर्धी गोष्ट माहीत आहे, उरलेली अर्धी संगणकाची आहे. ब्लॉगवाल्या मित्रांना उलट. दोघांनीही थोडं सांभाळून घ्या.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आला, कुणाचं कार्ड किती वाजता पंच झालं, कुणाला लेट मार्क लागला, हे सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली. १९९८ला निवृत्त झाले. पुढच्या वर्षी मी घरात संगणक आणला, विंडोज ९८वाला. तो खरं तर माझ्यासाठी होता, पण पहिल्या महिन्यातच बाबांनी ताबा घेतला. शिवाजी फॉन्टचा कळफलक एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगला आणि एका बोटाने आठवणी टाइप करायला लागले. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की एक तास. २००५ पर्यंत चौतीस फायली झाल्या.

मग २६ जुलै आला. मंगळवार होता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना पाठ आहे, पण उल्हास नदीने बदलापुरात काय केलं ते इथल्या लोकांनाच ठाऊक. आमचं घर तळमजल्यावर. रात्री पाणी माझ्या छातीला लागलं. आई-बाबांना वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पोचवलं. संगणकाचा डबा टेबलाखाली होता, तो राहिला तिथेच.

चिखल उपसून झाल्यावर डबा उघडला, हार्ड डिस्क काढली आणि दहा दिवस वाळवली. विंडोज सुरू व्हायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा नॉपिक्स नावाची एक सीडी मित्रामित्रांत फिरायची. ती घातली की डिस्कला हात न लावता सीडीवरूनच लिनक्स सुरू व्हायचं. मित्राच्या मशीनला आमची डिस्क जोडली, नॉपिक्स लावलं आणि काय आश्चर्य, फायली दिसल्या! घाईघाईने सगळं त्याच्या डिस्कवर कॉपी केलं. दोन दिवसांनी आमची डिस्क कायमची बंद पडली, आणि डब्यासकट उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे गेली. बाबांचं लिखाण वाचलं म्हणून आईने पेढे वाटले.

त्या रात्री माझ्याकडून काय चूक झाली होती, ते मला सात वर्षांनी कळलं.

बाबा २०११ साली गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका छापून घरच्यांना वाटावी असं ठरलं. फायली वाचायला घेतल्या तर घर बांधण्याची हकिगत दोन फायलींत सापडली. एकीचं नाव "बदलापूर", दुसरीचं "घर". सुरुवात जवळजवळ सारखीच. १९८९ साल, अंबरनाथची चाळ, बदलापूरचा प्लॉट, स्लॅबला कमी पडलेले दहा हजार. पुढे मात्र दोन वाटा फुटत होत्या. "बदलापूर"मध्ये बाबांनी लिहिलं होतं की धाकट्याने ऐन वेळी हात वर केले आणि मला सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. "घर"मध्ये लिहिलं होतं की धाकटा पैसे घेऊन आला होता, पण त्याने बायकोच्या पाटल्या मोडल्यात हे कळल्यावर मीच ते परत केले, आणि परत करताना नको ते बोललो.

धाकटा म्हणजे आमचे काका. उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये राहतात. त्या वर्षापासून दोन्ही घरांत येणंजाणं होतं, लग्नाकार्याला बसणं-उठणं होतं, पण दोघे भाऊ एकमेकांशी कामापुरतंच बोलायचे. का, ते आम्हा मुलांना कुणी कधी सांगितलं नाही.

आता पुस्तिकेत काय छापायचं? चुलतभावाने सरळ विचारलं, "दादाकाकांनी आधी काय लिहिलं आणि नंतर काय, ते तर बघ. माणूस शेवटी जे लिहितो ते त्याचं खरं म्हणणं." मला पटलं. म्हटलं, त्यात काय, तारखा बघतो. काळा पडदा उघडला आणि "एलएस -एल" टाइप केलं. चौतीसच्या चौतीस फायलींपुढे एकच तारीख. ७ ऑगस्ट २००५.

इथे जरा संगणकाच्या इतिहासात शिरायला हवं. कंटाळवाणं करणार नाही :)

फाइलवर तारीख ठेवायची पद्धत फार जुनी आहे. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहिलं, त्याची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. त्यात "एलएस" आहे, आणि मोठी यादी मागितली की बदलाची तारीखही मिळते. गंमत म्हणजे तेव्हा वेळ मोजायची १ जानेवारी १९७१ पासून, तीही सेकंदाच्या साठाव्या भागात. ३२ बिटांच्या आकड्यात ती सव्वादोन वर्षांतच मावेनाशी व्हायची! म्हणून मग सेकंद धरले आणि सुरुवात १ जानेवारी १९७० मानली. ते ३२ बिटांचं मापही १९ जानेवारी २०३८ला भरतं, आपल्या घड्याळात सकाळी पावणेनऊच्या सुमाराला. नव्या मशीनवर आता ६४ बिट असतात, त्यामुळे काळजी नको.

पीसीचा जन्म वेगळा. १९८१च्या पहिल्या डॉसमध्ये फाइलला नुसती तारीख होती, वेळ १९८२च्या १.१ आवृत्तीत आली. तारखेला १६ बिट आणि वेळेला १६ बिट, त्यामुळे वेळ दोन-दोन सेकंदांच्या उडीने पुढे जाते. गणती १ जानेवारी १९८० पासून. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता महत्त्वाचं. "डीआयआर" किंवा "एलएस -एल" जी तारीख दाखवतात ती फाइलच्या जन्माची नसते. ती शेवटच्या बदलाची असते, म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी लिहिला गेला त्याची. युनिक्सकडे आणखी दोन तारखा असतात. "एलएस -एलयू" म्हटलं की शेवटचं कधी वाचलं ते दिसतं. "एलएस -एलसी" म्हटलं की फाइलच्या नोंदीत कधी फेरफार झाला ते, म्हणजे नाव बदललं, परवानग्या बदलल्या, मालक बदलला. या तिसऱ्या तारखेतल्या "सी"ला पुष्कळ लोक क्रिएशन समजतात. ती क्रिएशन नव्हे, चेंज आहे.

हा फरक मला उल्हासनगरवरून लगेच कळतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कल्याणजवळ छावणी झाली, लोक तिला कल्याण कॅम्प म्हणायचे. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव पडलं. ही तारीख त्या नोंदीच्या बदलाची. त्या दिवशी बराकी त्याच होत्या, माणसं तीच, पाण्याची रांगही तीच. आतला मजकूर बदलला तो पुढे वर्षानुवर्षं, एकेका दुकानाने आणि एकेका कारखान्याने. आणि जन्म विचाराल तर तो आधीचाच, छावणीचा. तिन्ही तारखा खऱ्या, फक्त आपण कुठली विचारतोय ते आपल्याला माहीत पाहिजे. आजही तिथे पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबरच सांगतात.

विंडोजमध्ये हे "डीआयआर /टीडब्ल्यू" (बदल), "/टीसी" (निर्मिती) आणि "/टीए" (वापर) असं मागता येतं. "/ओडी" जोडलं की जुनी फाइल वर आणि नवी खाली. पण विंडोजची एक चमत्कारिक सवय आहे. तिथे फाइल कॉपी केली की बदलाची तारीख जुनीच राहते आणि निर्मितीची तारीख कॉपी केल्या क्षणाची पडते. म्हणजे फाइल जन्माच्या आधीच बदललेली दिसते! लिनक्सचं उलट. तिथे "सीपी" नवी फाइल लिहितं आणि तिला आजची तारीख देतं. जुनी ठेवायची असेल तर "-पी" सांगावं लागतं.

मी ७ ऑगस्ट २००५च्या रात्री "सीपी -आर" केलं होतं. "-पी" दिलं नव्हतं. एवढीच माझी चूक. सहा महिन्यांहून जुन्या फाइलची "एलएस" वेळ दाखवत नाही, त्या जागी वर्ष दाखवतं. म्हणून "स्टॅट" केलं. चौतीस फायली, रात्री ११ वाजून ४२ मिनिटं ते ११ वाजून ४४ मिनिटं. पाच वर्षांच्या संध्याकाळी दोन मिनिटांत गुंडाळल्या गेल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची वेळ सांभाळलेल्या माणसाच्या स्वतःच्या वेळा त्याच्याच मुलाने पुसल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन दिवसांनी ऑफिसातल्या एका मित्राने सुचवलं, अरे, वर्डची फाइल पोटातही तारीख ठेवते. लिनक्सवर "फाइल" नावाचीच एक कमांड आहे. तिला वर्डची जुनी डॉक फाइल दिली की ती कधी बनवली आणि शेवटची कधी सेव्ह केली ते आतून वाचून सांगते. ही तारीख मजकुराचा भाग असल्यासारखी आत असते, त्यामुळे कॉपी करताना पुसली जात नाही. पळत घरी आलो.

"बदलापूर" : शेवटचं सेव्ह, मार्च २००२.
"घर" : शेवटचं सेव्ह, १ जानेवारी १९८०.

घ्या! १९८० साली आम्ही अंबरनाथच्या चाळीत, घरात फोनसुद्धा नाही, आणि बाबा वर्डमध्ये टाइप करतायत. एकट्या "घर"चंच असं नव्हतं, एकूण अकरा फायली १ जानेवारी १९८०च्या होत्या. तयार केल्याची तारीखही तीच. कारण उघड होतं. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायला आत एक बटणासारखा सेल असतो. तो संपला की आमचं मशीन दर वेळी पीसीच्या पहिल्या दिवसावर जायचं. म्हणजे मधले काही महिने सेल मेलेला होता आणि बाबा रोज संध्याकाळी १९८०च्या एक जानेवारीला बसून लिहीत होते. कॅलेंडर नीट लाव म्हणून त्यांनी मला दोनतीनदा सांगितल्याचंही आठवलं. मी "बघतो" म्हटलं असणार.

पण हे महिने कुठले? मार्च २००२च्या आधीचे की नंतरचे? सगळं त्यावर अडलेलं.

उरलेल्या तेवीस फायली आतल्या तारखेप्रमाणे ओळीने लावल्या. २००० पासून दर महिन्या-दोन महिन्याला एखादी फाइल होतीच. मोठी फट एकच, १८ ऑक्टोबर २००३ नंतर थेट १२ जानेवारी २००४. अकरा फायली मावतील अशी दुसरी जागा नव्हती. तरी चुलतभाऊ म्हणाला, "हा झाला तर्क. पुरावा दाखव." (तो वकील नाही, पण व्हायला हवा होता.)

पुरावा दिला आईने. आई कालनिर्णयच्या चौकोनांत सगळं लिहिते. गॅस कधी आला, दूध किती, कुणाला किती दिले. जुनी कालनिर्णयं ती फेकत नाही, दोऱ्याने बांधून माळ्यावर ठेवते. पुराचं पाणी माळ्यापर्यंत गेलं नव्हतं. २००० ते २००४ची पाचही कॅलेंडरं खाली काढली आणि आम्ही तिघं एकेक चौकोन बघत बसलो. जानेवारी २००४, रविवार ११ तारीख, आईचं अक्षर : "कॉ. सेल ४० रु." संक्रांतीच्या तिळाच्या वर लिहिलेलं. पाच वर्षांत सेलची दुसरी नोंद नाही. दुसऱ्याच दिवशीपासून फायलींच्या तारखा सरळ.

म्हणजे "घर" २००३च्या दिवाळीच्या आगेमागे लिहिलं होतं. "बदलापूर"नंतर दीड वर्षाने.

या सगळ्यावरून मला अंबरनाथच्या देवळातला शिलालेख आठवला. लहानपणी बाबा आम्हाला रविवारी वालधुनीकाठच्या शिवमंदिरात न्यायचे आणि इथे तारीख कोरली आहे म्हणून सांगायचे. तारीख हा त्यांचा आवडीचा विषय. पुढे वाचलं की हा लेख डॉ. भाऊ दाजींनी वाचला तेव्हा त्यांना शके ७८२ दिसलं, म्हणजे इ.स. ८६०. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख वाचून शके ९८२ ठरवलं, म्हणजे इ.स. १०६०. तेच आज मान्य आहे. एका आकड्याच्या वाचनाने देऊळ दोनशे वर्षं मागेपुढे! शके ९८२ला राज्य शिलाहार मुम्मुणीचं होतं आणि लेखात त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचंही नाव येतं. त्यामुळे काम थोरल्याने सुरू केलं आणि धाकट्याने पुरं केलं, असं बरेच अभ्यासक मानतात. लेखातली तारीख ही देवळाच्या शेवटच्या बदलाची झाली म्हणायची.

तरीही वाद घालता आला आणि मिटवताही आला, कारण तारीख मजकुरातच कोरलेली होती. देवळाच्या भिंती काळ्या पडल्या, मूर्ती झिजल्या, पण मिती लेखाबरोबर राहिली. संगणक फाइलच्या बाहेर जी तारीख चिकटवतो तिचं तसं नाही. कॉपी करताना ती जाते, सेल संपला की चुकते, आणि "टच" नावाच्या कमांडने कुणालाही हवी ती घालता येते. ती पुरावा आहे, पण एकटी पुरत नाही. तिला आईचं कालनिर्णय लागतं.

असो. "घर"ची छापील प्रत घेऊन मी आणि चुलतभाऊ काकांकडे गेलो. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे त्यानं नंतर लिहिलं, नक्की?" मी कालनिर्णयचं पान दाखवलं. ते बराच वेळ त्या चाळीस रुपयांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या वर्षी भाऊबिजेला मला म्हणाला होता, ये एकदा, बोलायचंय. मी गेलो नाही." एवढंच. काकू आत चहा टाकायला गेल्या.

पुस्तिकेत "घर" छापलं, खाली "दिवाळी २००३च्या सुमारास" असं घालून. "बदलापूर" छापलं नाही, पण पुसलंही नाही. ती फाइल माझ्याकडे आहे, आणि ज्याला वाचायची असेल त्याला मिळेल. २००२च्या मार्चमध्ये बाबांना तसं वाटत होतं, हेही खरंच आहे. मधल्या दीड वर्षात ते बदलले. गावाचं नावच बदलापूर! (इथे पूर्वी प्रवासात घोडे बदलत म्हणून हे नाव, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. खरंखोटं देव जाणे.)

भाचीला फोटो पाठवलेत. संगणकाच्या तारखेवर न विसंबता प्रत्येकाच्या नावातच तारीख घातली आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २००५-०७-२६ असं. अशी लिहिली की कुठल्याही मशीनवर यादी आपोआप ओळीने लागते आणि कॉपी करून काही बिघडत नाही. तुम्हीही असं करा. आणि काही लिहिलंत तर पत्रात पूर्वी उजव्या कोपऱ्यात घालायचो तशी मिती घाला. पुढे कुणाला तरी लागते.

ता. क. : २६ जुलैचे ज्यांच्याकडे फोटो असतील त्यांनी मला पाठवा. आणि पाठवण्याआधी, कृपा करून, ते कुणी कधी काढले ते लिहा!